सायलेन्सर घरी बदलायचा की गॅरेजला द्यायचा? आधी ते दोन नट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत वापरात असलेली अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. मागचा सायलेन्सर गंजून फुटलाय, सकाळी गाडी चालू केली की गल्ली जागी होते. कंपनीच्या सायलेन्सरपेक्षा स्वस्त पडतो म्हणून बाहेरच्या मेकचा स्टेनलेसचा एक ऑनलाइन बघून ठेवलाय, त्याच्या जाहिरातीत ‘दमदार आवाज, जास्त पिकअप’ असं लिहिलंय. घरी पान्यांचा सेट आहे, जॅक आहे, रविवार मोकळा आहे. स्वतः बसवावा, की गॅरेजवाल्याला पैसे द्यावेत?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी तेवीस वर्षं सायलेन्सरचंच काम करतोय. आंबा घाट चढून तुमच्याकडच्या आणि गगनबावड्यावरून मालवण-कणकवलीकडच्या गाड्या माझ्याकडे येतात. खाऱ्या हवेतल्या गाडीखाली काय वाढून ठेवलेलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून ऑर्डर देण्याआधी एक काम करा. गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली असताना टॉर्च घेऊन मागच्या चाकापुढे आडवे व्हा आणि मधला पाइप आणि मागचा सायलेन्सर जिथे जोडलाय तो जोड शोधा. बहुतेक गाड्यांत तिथे फ्लँज (पाइपच्या टोकाची भोकं असलेली चपटी कड) असते, दोन बोल्ट असतात, मध्ये एक गोल पॅकिंग असते. तुम्ही हे काम घरी करायचं की नाही, ते त्या दोन बोल्टांचे नट ठरवणार आहेत.

नटाचे सहाही कोपरे स्पष्ट दिसत असतील आणि पुढे आलेल्या बोल्टाचे आटे मोजता येत असतील, तर बिनधास्त घरी करा. नटावर तांबूस पापुद्रे आहेत पण पाना घट्ट बसतोय, तर धीर धरून घरी करता येईल. पण नट झिजून बोरासारखा गोल झाला असेल, कुठे नट संपतो आणि कुठे फ्लँज सुरू होते तेच कळत नसेल, तर रविवार घरच्यांसोबत घालवा आणि सोमवारी गाडी गॅरेजला न्या. अकरा वर्षं किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीत मला हा तिसरा प्रकारच जास्त दिसतो. काही गाड्यांत तर तिथे फ्लँजच नसते, मधला पाइप आणि सायलेन्सर एकसंध असतो. तो कापूनच काढावा लागतो. तेही घरचं काम नाही.

नटाला इतकं महत्त्व का देतोय ते सांगतो. काम शिकत होतो तेव्हाची गोष्ट. उस्ताद जेवायला गेले होते आणि एका गाडीचा मॅनिफोल्डकडचा, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या पहिल्या पाइपाकडचा, नट सुटत नव्हता. मी पान्याला दोन फुटी पाइप लावला आणि सगळं अंग टाकलं. नट फिरला असं वाटलं, हाताला एकदम हलकं लागलं, आणि स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) मुळातून मोडून आत राहिला. दहा मिनिटांचं काम दीड दिवसाचं झालं. आधी जोड खोलला, मोडका तुकडा ड्रिलने पोखरला, मग टॅप मारून नवे आटे पाडले. गिऱ्हाईक एसटीने घरी गेलं. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी गॅस पेटवून शेजारचा नट लाल केला आणि साध्या पान्याने, दोन बोटांनी फिरवून दाखवला. गंजलेला नट ताकदीने सुटत नाही, उष्णतेने सुटतो. आणि ती उष्णता घरच्या अंगणात, पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर, कोणीही वापरू नये. गॅरेजला तुम्ही पैसे देता ते मुख्यतः यासाठी.

समजा तुमचे नट चांगले निघाले. मग आदल्या दिवशी सकाळी आणि रात्री, दोन वेळा त्यांच्यावर डब्ल्यूडी किंवा रस्ट ऑइल मारून ठेवा. मारून लगेच पाना लावण्यात काही अर्थ नाही, तेलाला आट्यांत झिरपायला रात्र लागते. पाना सहा कोनी गोटीचा (सॉकेटचा) घ्या. बारा कोनी गोटी किंवा ओपन पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. आधी थोडा आवळायच्या दिशेने हलकासा झटका द्या, मग सोडा. किर्र असा कोरडा आवाज करत फिरला तर थांबा, परत तेल मारा, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी हात जोडून सांगतो. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत, ते आधी तडकत नाहीत, एकदम फुटतात. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करा, पहिला गिअर टाका, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मागे दोन लोखंडी स्टँड कंपनीने ठरवून दिलेल्या जागी लावा, आणि शिरण्याआधी गाडीला बाजूने जोरात ढकलून बघा. काढलेलं एखादं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. सायलेन्सर काढताना माणूस अंगाची ताकद लावून ओढतो, त्या हिसक्यानेच गाडी जॅकवरून घसरते. आमच्या भागात एक पोरगा असाच गेला. घरच्या दारात, आई आत चहा करत होती. मी त्याच्या दहाव्याला गेलो होतो, म्हणून एवढं खोलून लिहितोय.

बोल्ट निघाले की सायलेन्सर फक्त रबरांवर लोंबकळत राहतो. ती रबरं म्हणजे नवशिक्याची खरी परीक्षा. सायलेन्सरचा हूक त्यातून टोकाच्या फुगीर भागामुळे सहज निघत नाही. रबरावर साबणाचं पाणी लावा आणि पिळत पिळत ओढा. ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि महिन्याभरात फाटतं. खरं तर रबरं नवीनच घ्या, स्वस्त असतात. जुन्या रबराला अंगठ्याने वाकवून बघा, भेगा उघडलेल्या दिसतील. सायलेन्सर खाली येताना हँडब्रेकच्या केबलला आणि ब्रेकच्या बारीक नळीला धक्का लागणार नाही एवढं बघा.

जुना आणि नवा सायलेन्सर जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा. ही दोन मिनिटं फार मोलाची. फ्लँजची भोकं त्याच कोनात आहेत का, हूक त्याच जागी आहेत का, पाइपचा वळसा मागच्या अ‍ॅक्सलला चुकवून जातो का, हे तिथेच कळतं. ‘युनिव्हर्सल’ लिहिलेला सायलेन्सर म्हणजे नुसता डबा आणि दोन तोंडं. त्याला ना फ्लँज असते ना हूक. तो बसवायचा तर कापणं-वेल्डिंग आलंच, म्हणजे तुमचा प्रश्न आपोआप सुटला. घरी बसवायचा असेल तर तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेलाच घ्या.

जोडताना पॅकिंग नवीन टाका, जुनी कितीही चांगली दिसो. काही गाड्यांत जोडाला स्प्रिंग असलेले बोल्ट असतात. ते ढिले वाटतात म्हणून लोक आवळत सुटतात. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत इंजिन आडवं बसलेलं असतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की ते पुढे-मागे डुलतं. ती हालचाल पाइपला सोसावी म्हणूनच तो स्प्रिंगचा जोड किंवा जाळीचा फ्लेक्झिबल पाइप असतो. बोल्टाच्या खांद्यापर्यंत आवळायचं आणि सोडायचं. सुरुवातीला सगळे बोल्ट हातानेच लावा, सायलेन्सर रबरांवर सरळ लटकू द्या, बॉडीपासून सगळीकडे दोन बोटं अंतर आहे का बघा, आणि मगच पाना फिरवा. नाहीतर पहिल्याच गतिरोधकावर ठक्क असा आवाज येईल.

या जोडाच्या पुढच्या, इंजिनाकडच्या भागाला मात्र हात लावू नका. मॅनिफोल्ड, कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर स्वच्छ करणारा डबा), ऑक्सिजन सेन्सर, फ्लेक्झिबल, हे सगळं गॅरेजचं काम. कॅटमधल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे महागडे धातू असतात, विषारी वायू तिथे निवळतात. कॅटच्या आधीचा सेन्सर बघून ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. त्या सेन्सरच्या आधी बारीकशी जरी फट राहिली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीएम उगाचच जास्त पेट्रोल सोडत राहतो. मायलेज पडतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि माणूस प्लग बदलत बसतो.

गॅरेजला दिलं म्हणजे निश्चिंत झालात असंही समजू नका. माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल लिहितोय, पण लिहायला हवं. ‘कॅट चोकअप झालाय, काढून टाकतो, गाडी पळेल’ असं कोणी म्हणालं तर तिथून गाडी काढा. कॅट खरंच चोक होतो, पण मुळात इंजिन ऑइल जाळत असेल किंवा मिसफायर असेल (पेट्रोल न जळताच बाहेर पडत असेल) तर होतो, आणि तो दोष दुरुस्त न करता कॅट काढणं म्हणजे तापाच्या माणसाचा थर्मामीटर फोडणं. त्या धातूंमुळे जुन्या कॅटला भंगारात चांगला भाव येतो, हे लक्षात ठेवा. काही कारणाने बदललाच, तर जुना परत मागून घ्या. तो तुमचा आहे.

दुसरं, फुटका फ्लेक्झिबल पाइप वेल्डिंगने भरून टणक करून देतात. स्वस्तात होतं, आवाजही थांबतो. पण इंजिनाच्या डुलण्याला जागाच उरत नाही आणि काही महिन्यांनी मॅनिफोल्डला तडा जातो. माझ्याकडे अशा गाड्या इतक्या आल्या की आता मी बघूनच सांगतो, आधी कुठे तरी फ्लेक्झिबल भरलेला असणार.

वेल्डिंग करणार असतील तर समोर उभे राहा. बॅटरीची वायर काढली का बघा, नाहीतर ईसीएमला झटका बसू शकतो. अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ, त्याच पाइपवर लावायला हवा. टाकी आणि पेट्रोलची नळी ओल्या गोणपाटाने झाकायला हवी, आग विझवायचं सिलिंडर हाताशी हवं. शक्य असेल तर आधी पाइप गाडीवर नुसता टॅक करून (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडून), मग खाली काढून पूर्ण वेल्डिंग मारलेलं चांगलं. त्यामुळे वरच्या बाजूचा जोडही नीट भरतो. गाडीवरच मारलं की वरची बाजू राहून जाते, आणि गॅस नेमका तिथून, केबिनच्या दिशेने निसटतो.

या निसटणाऱ्या गॅसबद्दल थोडं जास्त लिहितो. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब आलं होतं, तक्रार फक्त आवाजाची. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, हल्ली मुलांना गाडी लागते, घाटात दोघांचंही डोकं दुखतं, उलट्या होतात, पूर्वी असं होत नव्हतं. मी गाडी रॅम्पवर घेतली. मागच्या सीटच्या बरोबर खाली पाइपला रुपयाएवढं भोक होतं, आणि डिकीच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं. मागच्या बाजूने धूर आत येत होता आणि मुलं मागे बसत होती. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आपण जो पेट्रोलचा वास ओळखतो तो वेगळा, हा त्याच्यासोबत गुपचूप येतो आणि रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. पाइप बदलला, रबर बसवलं. पुढच्या महिन्यात वहिनींनी मुद्दाम फोन करून सांगितलं की मुलं पन्हाळ्याला जाऊन आली आणि काही झालं नाही.

म्हणून, काम तुम्ही करा किंवा कोणीही करो, गळती तपासल्याशिवाय कुटुंबाला गाडीत बसवू नका. गाडी बाहेर मोकळ्या हवेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये अजिबात नको. इंजिन गार असताना चालू करा, दुसऱ्या कोणाला मागच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर दाबून धरायला सांगा, आणि तुम्ही बाजूला वाकून ऐका. जोडातून फुस्स ऐकू आलं तर गळती आहे. साबणाचं पाणी मारलं तर तिथे बुडबुडे येतील. पाइप तापायच्या आत हे उरकायचं.

आता त्या ‘दमदार आवाज, जास्त पिकअप’बद्दल. तुमच्या बारा-साडेबाराशे सीसीच्या इंजिनाला नुसता मागचा डबा बदलून जाणवेल असा काहीही फरक पडत नाही. आवाज वाढला की कानाला गाडी पळाल्यासारखी वाटते, एवढंच. उलट मोकळ्या सायलेन्सरचा घुमा आवाज नेमका दोन-अडीच हजार आरपीएमला केबिनमध्ये साठतो, म्हणजे ज्या वेगाने तुम्ही रत्नागिरी-कोल्हापूर प्रवास करता त्याच वेगाला. तासाभरात डोकं जड होतं. असे सायलेन्सर हौसेने बसवून दोन महिन्यांत काढायला आलेले लोक मी पाहिलेत.

आणि कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज-धुराच्या नियमभंगाला कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. बुलेटच्या फटाका सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. कंपनीच्याच मापाचा, तेवढाच शांत, बाहेरच्या मेकचा सायलेन्सर ही बदली झाली. आवाज वाढवणारा हा फेरफार झाला. मी दुसऱ्या प्रकारचं काम घेत नाही. दवाखान्याशेजारी राहिलोय, म्हणून घेत नाही.

स्टेनलेस म्हणून जे विकतात त्यातही फरक असतो. ३०४ ग्रेडला चुंबक जवळजवळ चिकटत नाही आणि किनाऱ्यावर तो बराच टिकतो. ४०९ ला चुंबक चिकटतो. कंपन्या तो सर्रास वापरतात, तो तांबूस पडतो पण लवकर फुटत नाही. चुंबक जोरात चिकटतोय आणि वर नुसता चकचकीत मुलामा दिसतोय, तर ते साधं लोखंड समजा. तुमच्याकडे खाऱ्या हवेइतकाच दुसरा शत्रू आतून येतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. घर ते ऑफिस दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवलीत तर सायलेन्सर तापतच नाही, ती वाफ आतच पाणी होऊन साचते आणि डबा आतून कुजतो. म्हणूनच बऱ्याच सायलेन्सरांना खालच्या बाजूला खिळ्याच्या टोकाएवढं बारीक भोक असतं. ते गळतीचं भोक समजून एम-सील लावून बुजवू नका. नवीन बसवताना ते तळाशीच येतंय ना, तेवढं बघा. आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर एकसलग गाडी चालवा.

पैशाचं म्हणाल तर नुसते दोन बोल्ट खोलून सायलेन्सर बदलायची मजुरी मी ५०० ते ७०० रुपये घेतो. चांगल्या स्टँडची जोडी घ्यायची तर दीड-दोन हजार जातात. एकदाच करायचं असेल तर घरी करून पैसे वाचत नाहीत. आपल्या गाडीचं काम आपल्या हाताने करायची आवड असेल तर मात्र जरूर करा, आणि स्टँड घ्याच, ते पुढे ब्रेक पॅडला, ऑइल बदलायला उपयोगी पडतील. ज्याला गाडीखाली काय आहे ते माहीत असतं, त्याला गॅरेजमध्ये कोणी सहज फसवत नाही.

तुमची गाडी किनाऱ्यावरची आहे, म्हणून बोल्ट आणि नट नवीनच वापरा, आणि लावताना आट्यांना कॉपर ग्रीसचं बोट फिरवा. बसवून झालं की साखरप्यापर्यंत एक फेरी मारून या. पाइप तापून-गार होऊन जोड थोडा बसतो आणि नट किंचित सैल पडतात. गाडी रात्रभर गार होऊ द्या, आणि सकाळी तेच दोन नट परत एकदा बघा. साधे बोल्ट असतील तर पाव फेरा आवळून घ्या, स्प्रिंगचे असतील तर खांद्याला टेकलेत का एवढंच तपासा.